गौरीफळ आणि रासबेरी

मुंबई-ठाण्याकडच्या सुशिक्षित घरांतून 'रासबेरी' हा शब्द ज्याच्या कानांवरून गेला नाहीं असा मनुष्य क्वचितच सांपडेल; आणि हें फळ झुडपावर लागलेलें ज्यानें पाहिलें आहे असा मनुष्यहि तितकाच क्वचित् सांपडेल. नांव घरोघर पोंचलें आणि फळ मात्र वाटेंतच कोठें तरी राहिलें, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. त्याचें कारण उघड आहे. पारशी लग्नाच्या पंगतींत आणि इराण्याच्या हॉटेलांत जें लालभडक, फसफसणारें पेय बाटलींतून मिळतें, त्यासच आमच्याकडे रासबेरी म्हणण्याचा प्रघात पडला. मुंबईंत पालनजींचा सोडावॉटरचा धंदा १८६५ पासूनचा. तेव्हां अशा पेयांची चटक मुंबईकरांस लागून पिढ्या लोटल्या आहेत. लहानपणापासून ज्यांच्या जिभेवर ती गोडी बसली त्यांस रासबेरी म्हणजे एक रंग वाटतो, फळ वाटत नाहीं.

घोटाळा एवढ्यावरच थांबत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत 'रसभरी' म्हणून विकलें जाणारें पिंवळें, कागदासारख्या वेष्टनांत दडलेलें फळ ह्याच इंग्रजी नांवाचें देशी रूप ल्यालें असावेंसें वाटतें. परंतु तें वांग्या-टोमॅटोच्या कुळांतलें असून मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें आहे. महाबळेश्वरीं त्यालाच गूजबेरी म्हणतात, आणि खरी गूजबेरी तर तीहि नव्हे. तुतीचें फळ दिसण्यांत रासबेरीसारखें असल्यामुळें पुष्कळ लोक तुतीच दाखवून रासबेरी दाखविल्याचें समाधान मानतात. ह्या नांवांच्या गर्दींत एक गोष्ट अगदींच झांकली गेली आहे. ती ही कीं, सह्याद्रीच्या माथ्यावर त्याची स्वतःची एक रासबेरी आहे, तिला मराठी नांव आहे, आणि तें नांव गौरीफळ असें आहे.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. उल्हास नदीच्या कांठचें, आंबिवली स्टेशनाजवळचें मोहने हें गांव पूर्वीं रेयॉनच्या कारखान्यामुळें ओळखलें जाई. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला. आतां त्या बाजूस इमारतींवर इमारती उठत आहेत आणि त्यांच्या गच्च्यांवर व सज्जांत कुंड्यांची रांग लागत आहे. ही हौस आम्हांस फार गोड वाटते. तुळस आणि जास्वंद झाल्यावर अशा घरांतून पहिला प्रश्न निघतो तो फळझाडांचा, आणि अलीकडे त्यांत रासबेरीचेंहि नांव ऐकूं येतें. 'देशी लाल रासबेरी कशी लावावी व तिची निगा कशी राखावी' ह्याविषयीं माहिती पाहूं गेल्यास जी मिळते ती बहुतेक अमेरिकेंतली असते. त्या माहितींतला 'देशी' हा शब्द तेथल्या देशाचा आहे हें लक्षांत न घेतां आमचे लोक तिच्या आधारानें कुंडी भरतात, हिमवर्षावापूर्वीं करावयाच्या छाटणीचे नियम वाचतात, आणि चैत्र लागतांच रोप करपलें म्हणजे आपल्या हाताला गुण नाहीं असें म्हणून मोकळे होतात. दोष हाताचा नाहीं. देशी ह्या शब्दाचा अर्थ गांव बदललें कीं बदलतो, एवढेंच.

रासबेरी गुलाबाच्या कुळांतली आहे. लिनियस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं युरोपांतल्या लाल रासबेरीस 'रूबस आयडियस' असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतला दुसरा शब्द इडा नांवाच्या पर्वतावरून आलेला आहे. फळाची ओळख सोपी आहे. एकेका फुलापासून रसानें भरलेल्या बारीक मण्यांचा झुबका बनतो, आणि पिकल्यावर तो देंठावरील पांढऱ्या गाभ्यापासून अलगद सुटून येतो. आंतून पोकळ, शिंप्याच्या अंगुस्तानासारखा. ज्यांचा गाभा फळाबरोबरच तुटून येतो तीं ब्लॅकबेरीच्या पक्षांतलीं समजावीं. जमिनींतलें मूळ वर्षानुवर्षें जगतें, पण त्यावर उगवणाऱ्या प्रत्येक छडीचें आयुष्य सामान्यतः दोन हंगामांचें असतें. पहिल्या हंगामांत ती वाढते, दुसऱ्यांत फुलते, फळते आणि वाळून जाते. रासबेरीची सारी निगा ह्या एका गोष्टीवर उभी असल्यामुळें ती येथेंच सांगून ठेविली आहे.

युरोपांतहि हें फळ आरंभीं रानांतलेंच होतें. खेड्यांतल्या बायका-पोरांनीं तें वेंचून आणावें आणि औषधी म्हणून किंवा तोंडांत टाकण्यापुरतें वापरावें, अशी स्थिति पुष्कळ शतकें होती. १६२९ सालीं लंडनच्या पार्किन्सननें उद्यानांवर जो ग्रंथ छापला त्यांत तांबड्या व पांढऱ्या रासबेरीची गणना बागेंतल्या फळांत झालेली दिसते. त्यापुढें मात्र ह्या झुडपाची पाठ माणसानें सोडिली नाहीं. जें झुडूप मोठें फळ देई तें राखावें, दुसरें उपटावें. युरोपची जात आणि अमेरिकेची जात एकमेकींशीं जुळवाव्या. असें करीत करीत जाती वाढल्या. कॅलिफोर्नियांत लोगन नांवाचे एक न्यायाधीश होते. त्यांनीं हौसेनें बागेंत लावलेल्या ब्लॅकबेरी व रासबेरी ह्यांचा १८८१ च्या सुमारास आपोआप संकर झाला आणि लोगनबेरी हें नवें फळ जन्मास आलें. इंग्लंडांत केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंगच्या संशोधनशाळेंत विसाव्या शतकांत रासबेरीच्या जातींवर पिढ्यानुपिढ्या काम झालें. तेव्हां आज मोठ्या दुकानांत पारदर्शक डबींतून जें टपोरें लाल फळ महाग किंमतीस मिळतें, तें रानानें दिलेलें दान नसून माणसांनीं तीन-चारशें वर्षें केलेल्या निवडीचा परिणाम आहे.

ह्या परदेशी फळाची एक अट आहे, आणि ती आमच्या हवेला पाळतां येत नाहीं. त्याच्या छड्यांस हिवाळ्यांत सात अंशांखालची थंडी शेंकडों तास मिळावी लागते. त्यावांचून त्यांच्या कळ्यांस जाग येत नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या रात्रीं दंव गोठतें आणि त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकतात. पण तेवढ्यानें ह्या झुडपाचें भागत नाहीं. मग मोहन्याची कथा काय? तेथें माघांतली पहांट सुखद असते एवढेंच फार तर म्हणतां येईल.

आतां गौरीफळाकडे वळूं. हें झुडूप सह्याद्रीच्या उंच माथ्यावर, विशेषतः महाबळेश्वरच्या आसपास, रानाच्या कडेला आणि ओहोळांच्या कांठीं वाढतें. छड्या माणसाच्या डोक्यावरून जातील इतक्या लांब, कमानीसारख्या वांकलेल्या आणि आंकडेबाज कांट्यांच्या. कोवळ्या छडीवर राखेसारखी पांढरी झांक असते, ती बोटानें पुसली जाते. पानांच्या पाठीहि तशाच पांढुरक्या. एका देंठावर पांच ते नऊ पानोळीं. फुलें लहान व गुलाबी. फळ प्रथम तांबडें होतें, आणि जाणत्यानें तें तांबडें असतांना तोडूं नये. कारण पुढें तें जांभळट काळें पडतें, आणि खरी गोडी तेव्हांच येते. त्यावर बारीक भुरकट लव असते. युरोपच्या फळाहून तें लहान, मऊ व कमी आंबट आहे. करवंदानें ज्याची जीभ तयार झाली आहे त्याला तें थोडें सौम्य वाटेल, पण सुगंध मात्र खास त्याचा स्वतःचा.

शास्त्रज्ञांनीं ह्यास दोनदां नांव दिलें. थुनबर्ग हा लिनियसचा शिष्य जपान, जावा, सिंहलद्वीप असें फिरून आलेला. त्यानें १८१३ सालीं ह्याचें 'रूबस निविअस' म्हणजे हिमासारखा पांढरा असें नामकरण केलें. पुढें थोड्याच वर्षांनीं इंग्लंडांतील स्मिथ ह्यानें हिंदुस्थानांतल्या नमुन्यावरून 'लॅसिओकार्पस', म्हणजे लंवदार फळाचा, असें दुसरें नांव ठेविलें. एकाची नजर छडीवर गेली, दुसऱ्याची फळावर. आमच्या इकडच्या जुन्या ग्रंथांतून स्मिथचेंच नांव आढळतें. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रमुख कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची जी मोठी नोंद केली तींतहि तें आहे. वॅट ह्यांनीं हिंदुस्थानांतल्या उपयुक्त पदार्थांचा अनेक खंडांचा कोश १८८९ पासून प्रसिद्ध केला. त्यांत ह्या झुडपाच्या पंजाबी व कुमाऊनी नांवांच्या शेजारीं मुंबई इलाख्याचें नांव म्हणून 'गौरीफळ' दिलेलें आहे. थंडी सरून ऊन तापूं लागतें त्या दिवसांत हें फळ पिकतें आणि त्याच सुमारास घरोघर चैत्रगौर मांडली जाते. नांवाचा उगम त्या हळदीकुंकवांत असेल तर नवल नाहीं. हा आमचा तर्क आहे, आणि तर्कापलीकडे त्यास आम्ही किंमत देत नाहीं.

म्हणजे शास्त्रांत नोंद झाली, कोशांत नांव आलें, आणि फळ डोंगरावर होतेंच. तरीहि त्या डोंगरावर बाग फुलली ती दुसऱ्याच फळाची. हें कसें झालें, तें पाहण्यासारखें आहे.

महाबळेश्वराचें क्षेत्र फार जुनें. पण तेथलें हवा खाण्याचें ठाणें हें इंग्रजांचें काम. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून हा मुलूख घेतला आणि बदल्यांत वांईकडचें खंडाळें गांव दिलें. माल्कमपेठ वसली, बंगले उठले. त्या काळीं सिंगापूर-पिनांगकडच्या वसाहतींतून चिनी व मलायी कैदी हिंदुस्थानांत आणीत. त्यांतील कांहींचा तुरुंग महाबळेश्वरीं बांधण्यांत आला. सुमारें १२० कैद्यांची तेथें सोय होती. ह्या लोकांनीं रस्ते केले, टोपल्या विणल्या, आणि बाजाराखालच्या दरींत भाज्यांचे मळे केले. वाफे कसे बांधावे, खत कसें मुरवावें, पाणी कसें फिरवावें ह्या बाबतींत आसपासच्या कुणब्यांनीं ह्या परक्या बंदिवानांपासून पुष्कळ उचललें असें इंग्रजी अमदानींतील लेखक एकमुखानें सांगतात. तुरुंग १८६४ सालीं मोडला. सुटलेल्यांपैकीं कांहीं तेथेंच राहिले. आज 'चायनामन' हें नांव तेवढें एका धबधब्याला उरलें आहे. ज्यांनीं मायदेश पुन्हां पाहिला नाहीं अशा माणसांनीं महाराष्ट्रास बागाईत शिकविली, ह्याची जाणीव फिरावयास येणाऱ्यांपैकीं कितीजणांस असेल?

पण त्या मळ्यांतून काय पिकवावयाचें हें ठरविणारा कैदी नव्हता, आणि कुणबीहि नव्हता. तें ठरवीत असे बंगल्यांतला साहेब, आणि त्याला घरची आठवण येत असे. बटाटा, वाटाणा, कोबी, आणि ह्यांच्या जोडीला स्ट्रॉबेरी, असा तो क्रम आहे. आतां गंमत अशी कीं, ही स्ट्रॉबेरी मुळांत इंग्लंडचीहि नव्हे. फ्रेझिए नांवाच्या फ्रेंच अंमलदारानें १७१४ सालीं चिली देशाच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळाचीं रोपें जहाजानें आणिलीं. फ्रान्समधील बागांत उत्तर अमेरिकेंतून आलेल्या दुसऱ्या जातीशीं त्यांचा संकर झाला, आणि आजची स्ट्रॉबेरी त्यांतून निघाली. दोन अमेरिकांच्या दोन रानटी झुडपांचें लग्न युरोपांत लागलें आणि त्यांची संतति नांदावयास सह्याद्रीवर आली. त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. अननस, काजू आणि पपई हींहि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आमच्या किनाऱ्यावर उतरलीं, आणि वसई-ठाण्याकडची कोणतीहि आजी त्यांस परकीं म्हणावयास तयार होणार नाहीं.

स्ट्रॉबेरीनें महाबळेश्वरीं जें मिळविलें तें थोडें नाहीं. महाबळेश्वर, पांचगणी, भिलार ह्या टापूंतलीं घरेंच्या घरें तिच्यावर उभीं आहेत, आणि देशांत पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वांटा येथला आहे. पांचगणीस १९५९ सालीं किशोर वोरा ह्यांनीं फळें टिकविण्याचा जो उद्योग सुरू केला तो मॅप्रो नांवानें पुढें सर्वतोमुखीं झाला. २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळालें. परदेशीं जन्मलेलें फळ शंभर-दीडशें वर्षांच्या घामानें कायद्यानें ह्या मातीचें ठरलें. मात्र ह्या पिकाचीं मातृरोपें अजूनहि पुष्कळशीं परदेशांतून मागवावीं लागतात, हें विसरतां कामा नये. रोपाचें भाडें दरसाल भरावें तसें तें आहे.

ह्या सगळ्या काळांत गौरीफळ कुंपणाच्या बाहेर उभें होतें. त्याच्या उपेक्षेचें खापर साहेबाच्याच माथीं फोडणें सोपें आहे, आणि आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. साहेबाला त्याच्या लहानपणाची चव हवी होती. ती त्यानें मिळविली. कुणब्याला बाजार हवा होता, आणि रानांतलें फुकटचें फळ विकत कोण घेणार? शिवाय गौरीफळ इतकें नाजूक कीं सकाळीं तोडलेलें संध्याकाळपर्यंत पाझरूं लागतें. मुंबईहून कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीं आली, पण महाबळेश्वरास ती कधींच आली नाहीं. दासगांवच्या बंदरापर्यंत घाट उतरून जाणाऱ्या किंवा वाठार स्टेशनाकडे रखडणाऱ्या गाड्यांतून ह्या फळाचा लगदाच खालीं पोंचला असता. ह्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या युरोपांतल्या रानटी रासबेरीलाहि होत्याच. तिच्या वाट्यास निवड करणारे हात आले. गौरीफळाच्या हजार झुडपांतून टणक फळाचें एक वेंचून काढावें, त्याचें बीं धरावें, दहा वर्षें तेंच करीत राहावें, असें ह्या फळाच्या बाबतींत येथें घडलें नाहीं; बंगल्यांतहि नाहीं आणि आमच्या वाड्यांतहि नाहीं. शबरीच्या बोरांचें कौतुक करणारा आमचा समाज रानमेवा खातो आवडीनें, पण त्याला कुंपणाच्या आंत घेण्यास संकोचतो. वैशाखांत कल्याणच्या बाजारांत ठाकूर-कातकरी बायका पानांच्या द्रोणांतून करवंदें मांडून बसतात. त्या करवंदाची देखील तीच गत आहे. जांभळाचें नशीब मात्र अलीकडे उघडलें असून पालघर जिल्ह्यांतील बहाडोलीच्या जांभळास मानांकन मिळालें आहे. तेव्हां हें होऊंच शकत नाहीं असें नाहीं.

आमच्याकडे पडून राहिलेल्या ह्या फळास परदेशांत मात्र गिऱ्हाईक मिळालें. 'म्हैसूर रासबेरी' ह्या नांवानें तें पूर्व आफ्रिकेंत गेलें, अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत गेलें. तेथल्या माळ्यांस लवकरच उमगलें कीं, ज्या उष्ण सखल मुलखांत युरोपची रासबेरी जीव धरीत नाहीं तेथें ही सह्याद्री-हिमालयाची रासबेरी थंडीची अट न घालतां फळते. हवाईंत आणि प्रशांत महासागरांतील गालापागोस बेटांवर मात्र हिची दुसरी बाजू दिसली. गालापागोसांत ती १९८० नंतरच्या दशकांत पिकासाठीं म्हणून नेली. पक्ष्यांनीं बिया पसरविल्या, आणि सांता क्रूझ बेटावरील स्केलेशिया नांवाच्या वृक्षांचें, जगांत इतरत्र कोठेंहि नसलेलें, रान तिच्या जाळींत घुसमटूं लागलें. तेथें आज ती उपटून काढण्यास माणसें लावावीं लागतात. घरीं जिला रोगराई, किडे, गुरें आणि सावली ह्यांनीं आंवरून धरलें होतें, ती परक्या अंगणांत मोकाट सुटली. देशी ह्या शब्दाचें खरें महत्त्व आम्हांस येथें दिसतें. तो अभिमानाचा शब्द नसून शेजाराचा शब्द आहे. ज्या झाडाचे शेजारी त्याला ओळखतात तें देशी.

आतां मोहन्याच्या गच्चीकडे येण्यास हरकत नाहीं. गौरीफळ तेथें होईल काय? फ्लॉरिडांतील अनुभव पाहतां नुसत्या उष्णतेस तें भीत नाहीं. भीति दोन गोष्टींची: चैत्र-वैशाखांतल्या दुपारच्या झळीची आणि आषाढांत साचलेल्या पाण्याची. महाबळेश्वरीं पाऊस कोंकणाहूनहि अधिक, सरासरीनें सहा हजार मिलिमीटरच्या आंतबाहेर पडतो, पण उताराच्या तांबड्या मातींतून तो वाहून जातो. उल्हासकांठच्या चिकण मातींत तो थांबतो, आणि थांबलेल्या पाण्यांत ह्या झुडपाचें मूळ कुजतें. म्हणून जमीन असेल तर हातभर उंचीचा गादीवाफा करावा. गच्ची असेल तर मोठें पिंप घेऊन त्याच्या तळाला चांगलीं छिद्रें पाडावीं. तांबडी माती, कुजलेलें शेणखत आणि पालापाचोळ्याचें खत हीं सारख्या भागांनीं मिसळावीं. सकाळचें ऊन पूर्ण मिळावें व दुपारीं भिंतीची किंवा शेवग्यासारख्या विरळ झाडाची सावली असावी. बुंध्याभोंवतीं वाळलेल्या पानांचें आच्छादन बारा महिने असूं द्यावें. उन्हाळ्यांत तें ओल धरतें आणि कुजून खत होतें.

छड्यांस आधार पाहिजे. दोन खांब आणि त्यांमध्यें दोन तारा एवढें पुरे. त्यावर छड्या पंख्यासारख्या पसरून बांधाव्या, म्हणजे हवा खेळते आणि पावसाळ्यांत पानांवर बुरशीचे डाग कमी पडतात. कांटे आंकडेबाज असल्यामुळें लहान मुलांच्या वाटेवर हें झुडूप लावूं नये, आणि बांधतांना हातांत जाड कापड घ्यावें. छाटणींत लोक फार चुकतात. फळें संपलीं कीं ज्या छड्यांनीं फळें दिलीं त्या जमिनीसरशीं कापून टाकाव्या. त्यांच्याविषयीं दया दाखवूं नये, कारण त्या वाळणारच असतात आणि वाळतांना रोग मागें ठेवून जातात. बुंध्यांतून निघालेल्या नव्या छड्यांपैकीं जोमदार चार-पांच राखाव्या व इतर काढाव्या. सर्वच छड्या एका मापानें वरून कातरून टाकणारा माळी पुष्कळदां भेटतो. मेंदीच्या कुंपणाला ती रीत ठीक आहे. येथें तिनें पुढच्या वर्षाचीं फळेंच कापलीं जातात.

फळें पिकूं लागलीं कीं बुलबुल आधीं येतात. जाळें लावण्यापेक्षां पहांटे उठणें आम्हांस बरें वाटतें. काळें पडलेलें फळ बोटांच्या चिमटींत धरतांच सुटून येईल तर तें पिकलें. ओढावें लागलें तर एक दिवस थांबावें. साठवण करण्याच्या भरीस पडूं नये. उरलींच तर साखरेंत शिजवून मुरंबा करावा. बिया बारीक व पुष्कळ असल्यामुळें आमच्या घरांतील वडील मंडळी तो गाळून घेणें पसंत करतात.

रोप कोठून आणावें, ह्याविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. महाबळेश्वर-पांचगणीचा टापू केंद्र सरकारनें २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि राखीव रानांतून झाडझुडूप उपटून आणणें हा १९२७ च्या वनकायद्यानें गुन्हा आहे. सहलीस गेलेल्या सुशिक्षित मंडळींच्या मोटारींतून मुळासकट उपटलेलीं झुडपें घाट उतरतांना आम्हीं पाहिलीं आहेत. तीं कल्याणास पोंचेपर्यंत मेलेलीं असतात. तेथल्या कांहीं थोड्या बागांतून रासबेरी लावलेली आहे. बागवानाकडून रोप किंवा पिकलेलीं फळें विकत घ्यावीं. छडीवर पांढरी झांक आणि पानाची पाठ पांढुरकी आहे ना, फळ शेवटीं काळें पडतें ना, हें विचारून घ्यावें, नाहींतर शीतकटिबंधाची परदेशी जात गळ्यांत पडावयाची. फळ मिळाल्यास तें पाण्यांत कुसकरून गर वाहूं द्यावा, खालीं राहिलेल्या बिया सावलींत सुकवून बारीक मातींत वरच्यावर पेराव्या. उगवण्यास त्या पुष्कळ दिवस लावतात. रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीस पाणी घालण्याचा धीर ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं रोपच आणावें.

एक झुडूप नीट धरलें म्हणजे पुढचीं करणें हा हातचा मळ आहे. पावसाळ्यांत त्याच्या लांब छड्या आपोआप जमिनीकडे वांकतात. श्रावणांत अशा छडीचा शेंडा चार बोटें मातींत दाबून वर दगड ठेवावा. दोन महिन्यांत तेथें मुळें फुटतात आणि मातींतून नवा कोंब वर येतो. दिवाळीनंतर मूळ छडी कापून तें रोप वेगळें करावें आणि माती न फोडतां दुसऱ्या पिंपांत लावावें. अशीं चार-पांच रोपें हातीं आलीं कीं त्यांतलें ज्याचें फळ टणक आणि मोठें असेल त्यावर खुणेचा दोरा बांधून ठेवावा, आणि पुढच्या श्रावणांत शेंडा दाबावयाचा तो त्याचाच.